पावसाळी रान आणि छायाचित्रकाराचा संयम

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की कोकणातील आणि सह्याद्रीच्या उतारांवरील रानांत दोन प्रकारची लगबग सुरू होते. पहिली पक्ष्यांची. दक्षिणेकडून परतलेला नवरंग दाट झाडोऱ्यात आपले गोलाकार घरटे रचू लागतो. शीळकरी कस्तूर ओढ्याकाठी बसून पहाटेच्या काळोखात माणसाच्या शिळेसारखी लांब तान घेतो. तिबोटी खंड्या हा चिमणीहूनही लहान पक्षी पावसाने मऊ झालेल्या दरडीत चोचीने बोगदा खणण्यास आरंभ करतो. दुसरी लगबग माणसांची. शनिवारी उत्तररात्री शहरांतून गाड्या निघतात आणि हातभर लांबीची भिंगे, तिपाया, मेणकापडे व छत्र्या घेतलेली मंडळी उजाडायच्या आत एखाद्या ओढ्याकाठी दाखल होतात. पनवेलजवळच्या कर्नाळ्यापासून दक्षिण कोकणातील डोंगररानांपर्यंत हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही.

या छंदाविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. शतकापूर्वी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बंदूक आणि संग्रहालयासाठी सोलून ठेवलेली कातडी असेच समीकरण होते. ते मोडून काढण्यात कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे. जिवंत पक्षी कसा बसतो, कसा न्हातो, पिलांना काय भरवतो, हे सामान्य वाचकाला कळले ते छायाचित्रांमुळे. आज शाळकरी मुलेही तिबोटी खंड्याला चित्रावरून ओळखतात, याचे श्रेय याच मंडळींना दिले पाहिजे. तेव्हा प्रश्न छंदाचा नसून रीतीचा आहे. पावसाळी हवेत, अपुऱ्या उजेडात, रानपक्ष्यांचे छायाचित्र कोठून घ्यावे आणि कसे घ्यावे, याविषयी जी जुनी शिस्त होती ती शिथिल झाली आहे. आणि ती नेमकी अशा वेळी शिथिल झाली आहे की जेव्हा तिची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

कापडामागचा माणूस

या शिस्तीचे मूर्त रूप म्हणजे लपण. छायाचित्रकार त्याला ‘हाइड’ म्हणतात. चार काठ्या, त्यांवर ताणलेले मातकट कापड, भिंगापुरते एक भोक आणि आत बसायला एक बुटके स्टूल, एवढाच त्याचा संसार. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी या विद्येचा पाया घातला. त्यांनी १८९२ साली घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ साली त्यांचा पक्ष्यांच्या घरट्यांवरील, सर्वस्वी छायाचित्रांनी सजविलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे या बंधूंनी बैलाचे पोकळ सोंग तयार केले आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह उभे राहून पक्षी टिपले. कल्पना हास्यास्पद वाटेल. परंतु तिच्यामागचे निरीक्षण अचूक होते. पक्षी नित्य दिसणाऱ्या, संथ हलणाऱ्या आकाराला भीत नाही; तो बिचकतो ते अनोळखी आकाराला आणि आकस्मिक हालचालीला. आपल्याकडे भाताच्या खाचरात इरले पांघरून लावणी करणाऱ्या माणसापासून चार हातांवर बगळे निवांत बेडूक टिपत असतात. बैलाचे सोंग आणि इरले यांतला न्याय एकच आहे.

कीर्टन बंधूंनंतरच्या पन्नास वर्षांत लपणाचे नियम पक्के होत गेले. लपण एका दिवसात पक्ष्याजवळ उभारायचे नाही; ते प्रथम दूर ठेवायचे आणि पक्ष्याला त्याची सवय होईल तसतसे काही दिवसांत थोडे थोडे पुढे सरकवायचे. आत जाताना दोघांनी जायचे आणि एकाने बाहेर पडून निघून जायचे, म्हणजे लपण रिकामे झाले असा पक्ष्याचा समज होतो. आड येणारी फांदी तोडायची नाही. ती दोरीने बाजूला बांधायची आणि काम संपताच सोडून पूर्ववत करायची. कारण ती फांदी म्हणजे घरट्याचे छप्पर असते. ते उघडे पडले की ऊन, पाऊस आणि कावळा या तिघांनाही वाट सापडते. या सर्व नियमांचा गाभा एकच होता: माणसाच्या येण्याने पक्ष्याच्या दिनक्रमात फरक पडता कामा नये.

ही परंपरा भारतातही रुजली. ई. एच. एन. लोथर यांचे भारतातील पक्षीछायाचित्रणावरील पुस्तक १९४९ साली निघाले, तेव्हा या देशातील पक्षी लपणातून टिपण्याची रीत जाणकारांत प्रतिष्ठित झाली होती. मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. या जुन्या पिढीची पुष्कळशी छायाचित्रे घरट्यावरचीच आहेत. त्याला कारण होते. कॅमेरे अवजड होते, भिंगांचा पल्ला तोकडा होता आणि फिल्मला उजेड भरपूर लागे. पक्षी हमखास परत येईल आणि क्षणभर स्थिर बसेल, असे ठिकाण घरट्यावाचून दुसरे नव्हते. या उद्योगात माणसालाही किंमत मोजावी लागे. एरिक हॉस्किंग या विख्यात इंग्रज छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ साली, रात्री लपणाकडे जात असताना, घुबडाच्या हल्ल्यात गेला. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘ॲन आय फॉर अ बर्ड’ असे नाव दिले. घरट्याजवळ जाणे ही पक्ष्याच्या दृष्टीने केवढी आगळीक आहे, हे त्या नावातून आपोआप व्यक्त होते.

अंधाराचे कवच

आपल्याकडील पावसाळी रानाला मात्र दीर्घकाळ एक नैसर्गिक संरक्षण लाभले होते. ते म्हणजे अंधार. दाट सदाहरित अरण्यात वरच्या उजेडाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग जमिनीपर्यंत झिरपतो. त्यातच आषाढातले भरून आलेले आभाळ. १९७४ साली आलेली कोडॅक्रोम ६४ ही रंगीत फिल्म पुढे कित्येक वर्षे निसर्गछायाचित्रकारांच्या विशेष पसंतीची होती. अशा रानात त्या फिल्मवर योग्य चित्र उमटण्यास समजा दोन सेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात कोणता पक्षी निश्चल राहणार? हाती येई तो रंगांचा ओघळ. शिवाय भिंगावर दव धरे, फिल्मला बुरशी येई, कापडी लपण भिजून जड होई. म्हणून पूर्वीचे बहुतेक छायाचित्रकार जूनमध्ये कॅमेरा सुकवून कपाटात ठेवीत आणि दसरा उलटल्यावर बाहेर काढीत. कोणी बंदी घातली नव्हती. हवामानानेच तो हंगाम बंद ठेवला होता. आणि नेमका तोच रानातील कितीतरी पक्ष्यांच्या विणीचा हंगाम होता.

ती स्थिती आता पालटली आहे. आजचे कॅमेरे ६४०० किंवा त्याहून अधिक संवेदनशीलतेवर उत्तम चित्र देतात. म्हणजे फिल्मला जेथे दोन सेकंद लागत, तेथे आता एका सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. कॅमेरे आणि भिंगे पावसाच्या शिंतोड्यांना दाद देत नाहीत. एवढेच नव्हे तर पावसाळी उजेड आता छायाचित्रकारांना हवासा वाटू लागला आहे. त्यात कडक सावल्या नसतात, पिसांचे रंग करपत नाहीत, ओली पाने गडद हिरवी दिसतात. जी हवा काल खराब म्हणून टाळली जात होती, तीच आज निमंत्रण ठरली आहे. अंधाराचे कवच गळून पडले आहे आणि त्याच्या जागी दुसरे कोणतेही कवच आलेले नाही.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या सुधारणेने पक्ष्याचे संरक्षण नाहीसे केले, त्याच सुधारणेने घरट्याजवळ जाण्याची गरजही नाहीशी केली आहे. लांब पल्ल्याचे भिंग आणि अंधुक उजेडात चालणारा कॅमेरा हाती असताना, पावसात अंग फुगवून बसलेला, सर ओसरल्यावर पंख झटकणारा, ओढ्यातील खेकडा टिपणारा पक्षी दुरूनही टिपता येतो. पूर्वसूरींना जी सबब होती ती आजच्या छायाचित्रकाराला उरलेली नाही. तरीही गर्दी होते ती घरट्याशीच. असे का व्हावे?

याचे उत्तर ऋतूत आणि रविवारात आहे. उन्हाळ्यात पाणवठ्याशेजारी लपण उभारले की पक्षी आपण होऊन येतात. कर्नाटकातील दांडेलीजवळचे गणेशगुडी तेथील पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्या पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. पुण्यातील छायाचित्रकारांना सिंहगडाचे खोरे परिचयाचे आहे. तेथे घरटे शोधण्याची गरज भासत नाही. पावसाळ्यात मात्र सारे रानच पाण्याने भरून जाते. मग कुंडाकडे कोण फिरकणार? पक्षी रानभर पांगतात, पानांचा पडदा दाट होतो. अशा वेळी पक्षी जेथे निश्चित येणार अशी एकच जागा उरते. आठवड्यातून एका दिवसाची सुटी मिळणाऱ्या माणसाला निश्चिती हवी असते. घरटे ती देते. मोह कळण्यासारखा आहे. पण म्हणून तो क्षम्य ठरत नाही.

उघडीप कोणाची?

या मोहाची किंमत कोण देतो, हे तिबोटी खंड्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. पायाला तीनच बोटे असलेला हा पक्षी पावसाच्या तोंडावर कोकणातील रानओढ्यांवर येतो. दरड मऊ झाली की नर-मादी मिळून बोगदा खणतात, आलटून पालटून अंडी उबवतात आणि पुढे सुमारे तीन आठवडे पिलांना सरडे, पाली, बेडूक, कोळी, खेकडे आणून भरवतात. पिले चार-पाच असली तर ही धावपळ दिवसभराची असते. मुसळधार पावसात ओढा गढूळ होतो, किडे-सरडे दडून बसतात आणि शिकार जवळजवळ थांबते. भक्ष्य मिळवायचे ते दोन सरींमधल्या उघडिपीत.

छायाचित्रकारालाही तीच उघडीप हवी असते. पाऊस थांबला, उजेड जरा वाढला, की गाडीत बसून राहिलेली मंडळी बोगद्यासमोर येऊन तिपाया रोवतात. चोचीत सरडा धरलेला पक्षी समोरच्या फांदीवर येतो, माणसे पाहतो आणि आत जात नाही. तो मान खालीवर करतो, जागा बदलतो, पुन्हा येतो. याच घटकेत छायाचित्रे सर्वांत सुंदर मिळतात, कारण रंगीबेरंगी पक्षी भक्ष्यासह उघड्यावर बसलेला असतो. पाहणाऱ्याला वाटते, किती धीट पक्षी! वास्तविक तो धीट नसतो; तो अडवला गेलेला असतो. तेवढ्यात पुढची सर येते. माणसे परत गाडीकडे धावतात. पण उघडीप संपलेली असते आणि बोगद्यातली पिले उपाशीच असतात. अंडी असतील तर ती थंड पडण्याचा धोका आणखी वेगळा. एका पाठोपाठ एक गट आला तर दिवसाच्या सगळ्याच उघडिपी अशा निघून जातात.

येथेच लपणाचे मोल कळून येते. लपणात बसणारा माणूस उघडिपीची वाट पाहत गाडीत थांबत नाही. तो पहाटेच्या अंधारात, किंबहुना सर जोरात असतानाच, लपणात शिरतो. पावसाच्या आवाजात त्याची चाहूल बुडून जाते. उघडीप आली की तो हलत नाही. पक्षी आपले काम करतो, माणूस आपले. दुसरी जोरदार सर येईपर्यंत तो बाहेर पडत नाही. ओल्या कापडाखाली गुडघे मुडपून सहा-सहा तास बसणे, कानाशी डास, पायाशी जळू, आणि समोर कित्येक वेळा काहीच नाही, हा अनुभव सुखाचा नव्हे. परंतु गैरसोय कोणाची व्हावी, पक्ष्याची की माणसाची, हा प्रश्न लपण माणसाच्या विरुद्ध सोडवते. म्हणूनच ते नुसते कापड नसून एक आचारधर्म आहे. आणि या आचारधर्मातही लपण घरट्यासमोर मांडायचे नसते. ओढ्यावर झुकलेली फांदी, फळाला आलेले झाड, उघडिपीत पक्षी अंग वाळवतात ती मोकळी जागा, येथे ते मांडायचे असते.

कायदा आणि त्याच्या मर्यादा

कायदा या बाबतीत समजला जातो तितका मुका नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. बंदूक न उचलताही माणूस शिकारी ठरू शकतो, हे विधिमंडळांच्या ग्रंथालयांतच नव्हे, तर प्रत्येक छायाचित्रण मंडळाच्या भिंतीवर लिहिले गेले पाहिजे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना देण्याची तरतूद कलम २८ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तेथे अट घातली गेली की अधिवासात कोणताही बदल न करता आणि वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होता हे छायाचित्रण झाले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने विशेष संरक्षित पक्ष्यांना घरट्यावर उपद्रव होईल असे छायाचित्रण परवान्यावाचून करता येत नाही. आपला कायदा भावनेने त्याहून मागे नाही.

अडचण अंमलबजावणीची आहे. कोकणातील कितीतरी रान खासगी मालकीचे आहे. अनेक घरटी अभयारण्याच्या हद्दीबाहेर, रस्त्याकडेच्या दरडीत किंवा आमराईच्या बांधाला असतात. प्रत्येक ओढ्यावर वनरक्षक उभा करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. उपद्रव नेमका कोठे सुरू झाला हे न्यायालयात सिद्ध करणे तर त्याहून अवघड. तेव्हा कायदा पाठीशी असावा. पण खरे काम समाजाच्या रूढीने केले पाहिजे.

ती रूढी घडवायची तर प्रथम मागणीचा उगम आटवला पाहिजे. चोचीत भक्ष्य आणि मागे बोगदा, अशा चित्राला वाहवा मिळते म्हणून ते काढले जाते. काही निसर्गछायाचित्र स्पर्धांनी घरट्यावरील चित्रे न स्वीकारण्याचा नियम केला आहे. तो सर्व स्पर्धा, प्रदर्शने, दिनदर्शिका आणि वृत्तपत्रांनी स्वीकारावा. अभ्यासासाठी घरट्याची नोंद आवश्यक असेल तर ती परवानगीने, मोजक्या लोकांनी, लपणातूनच व्हावी. विणीच्या काळात चित्राखाली गावाचे नाव देणेही थांबले पाहिजे. पूर्वी एका घरट्याची बातमी दोन मित्रांत राही. आता ती तासाभरात शेकडोंच्या हातातील फोनवर पोचते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. पावसाळ्यात येणाऱ्या या पाहुण्यांमुळे गावातील तरुणांना वाटाड्याचे काम मिळते, घरगुती खाणावळींना चार पैसे मिळतात. ते बंद करावेत काय? मुळीच नाही. प्रश्न एवढाच की पैसे कशाचे द्यायचे. आज ते घरटे दाखवण्याचे दिले जातात. म्हणून घरटे शोधणे हा धंदा होतो. तेच पैसे लपणातील जागेचे दिले गेले, तर पक्षी निर्धास्त राहणे हेच वाटाड्याच्या हिताचे होईल. वनखात्याने आणि गावांनी मिळून ओढ्याकाठी, घरट्यांपासून दूर, दोन-तीन माणसांपुरती कायमची लपणे बांधावीत. पहाटे आत जायचे आणि ठरल्या वेळेपूर्वी बाहेर पडायचे नाही, असा दंडक असावा. ज्याला तेवढा धीर नाही त्याने हिवाळ्याची वाट पाहावी.

राहता राहिला प्रश्न शिक्षणाचा. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून, ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० साली घेतला. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु नोव्हेंबरात पावसाळी घरटी रिकामी झालेली असतात. जी शिस्त शिकवायची ती जून महिन्यात, शाळा-महाविद्यालये उघडतात तेव्हाच, शिकवली गेली पाहिजे. त्यासाठी लाखो रुपयांचे भिंग लागत नाही. जुनी चादर, चार बांबू, एक वही आणि निश्चल बसण्याची सवय एवढ्या भांडवलावर शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यांसाठी शाळेमागच्या झाडीत लपण उभारता येईल. ज्या विद्यार्थ्याने पावसात एकदा तरी तीन तास असे बसून पक्ष्याला न कळता पक्षी पाहिला आहे, त्याच्या हाती पुढे कॅमेरा आला तरी तो घरट्यासमोर तिपाई रोवणार नाही.

यंत्रे यापुढेही सुधारत जातील. उद्याचा कॅमेरा आजच्याहून गडद अंधारात पाहील आणि पक्ष्याला लपण्यासाठी आणखी कमी जागा उरेल. हवामानाने कधीकाळी घालून दिलेली मर्यादा परत येणार नाही. ती आता माणसाला स्वतःहून पाळावी लागेल, आणि तिचा आरंभ येत्या मृगापूर्वीच व्हावयास हवा.